सेजच्या चालू सत्रात आपण स्वतः दिलेली नावे कशी पाहावीत?

मूळसंख्या

नमस्कार. मी एम.एस्सी. गणिताची विद्यार्थिनी आहे आणि प्रकल्पाच्या कामासाठी सेजमॅथ (थोडक्यात सेज) ही पायथन भाषेवर उभी असलेली मुक्त गणित-प्रणाली वापरते. माझे सत्र बरेच लांबते. एकाच सत्रात बहुपद्या, मॅट्रिक्स, मूळ संख्यांच्या याद्या आणि मी लिहिलेली काही फलने असे सर्व साचत जाते. शिवाय सत्राच्या आरंभी विभागातील एक जुनी फाइल लोड करावी लागते, आणि तिच्यात कोणकोणती नावे वापरली आहेत हे मला पूर्ण ठाऊक नाही.

काल असे झाले की ३ + २*आय (आय म्हणजे काल्पनिक एकक) ही साधी संमिश्र संख्या मागितली असता सेजने ९ असे उत्तर दिले. आयचे मूल्य कोणीतरी बदलले आहे एवढे मला कळले, परंतु आणखी कोणती नावे बदलली असतील याचा अंदाज येईना. डिर() ही आज्ञा देऊन पाहिली, तर पडद्यामागून पडदे भरून नावे येतात. त्यांत सेजची स्वतःची कोणती आणि आमची कोणती हे निवडणे अशक्य आहे. केवळ या सत्रात नव्याने आलेली नावे दाखवणारी एखादी आज्ञा आहे का? आणि सत्र न मोडता त्यांतील निवडक नावे काढून टाकता येतात का?

(आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकावी लागतात, हे जाणकारांना सांगायला नकोच.)

सारणिक

आज्ञा आहे आणि ती नेमकी याच कामासाठी आहे: शो_आयडेंटिफायर्स(). कंसात काहीही न लिहिता दिली की सत्रात तुम्ही ठरवलेल्या नावांची यादी मिळते. उदाहरणार्थ, नवे सत्र उघडून ए = १० आणि फॅक्टर = २० असे लिहा आणि मग ही आज्ञा द्या; यादीत 'ए' आणि 'फॅक्टर' ही दोनच नावे येतील.

येथे 'फॅक्टर' यादीत का आले हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. फॅक्टर हे सेजचे स्वतःचे नाव आहे. संख्येचे किंवा बहुपदीचे अवयव पाडण्याचे फलन त्या नावाखाली असते. सेज सुरू होते तेव्हा त्या क्षणी अस्तित्वात असलेली सर्व नावे आणि प्रत्येक नावामागील वस्तू यांची एक नोंद करून ठेवली जाते. पुढे तुम्ही यादी मागता तेव्हा आताची स्थिती त्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. जे नाव नोंदीत नव्हतेच ते नवे, हे उघड आहे. परंतु जे नाव नोंदीत होते आणि आता त्याच्यामागे निराळीच वस्तू उभी आहे, तेही नवे मानले जाते. म्हणून फॅक्टर = २० लिहिताच ते नाव तुमचे ठरते. त्याच नियमाने तुमच्या सत्रातील आयदेखील यादीत दिसलाच पाहिजे.

मूल्य परत आणण्यासाठी रिस्टोअर('आय') अशी आज्ञा द्यावी. नाव अवतरणचिन्हांत लिहायला विसरू नये, कारण येथे आपण आयचे मूल्य पाठवत नसून नावच पाठवत असतो. त्यानंतर ३ + २*आय ही पुन्हा संमिश्र संख्या होईल.

आयचे ९ कसे झाले असेल, याबद्दल माझा तर्क असा: त्या जुन्या फाइलीत फॉर आय इन रेंज(४) अशा स्वरूपाचे आवर्तन (लूप) असावे. पायथनमध्ये आवर्तन संपल्यावर त्याचा चल नाहीसा होत नाही, शेवटचे मूल्य घेऊन तो मागे राहतो. येथे शेवटचे मूल्य ३, म्हणून ३ + ६ = ९. लोड या आज्ञेने आणलेली फाइल तुमच्या सत्राच्याच नामक्षेत्रात (नावांच्या कोशात) चालते, त्यामुळे तिच्यातील प्रत्येक नाव तुमच्या सत्रात उतरते. मोठ्या लिपीतील आय हाही काल्पनिक एककच आहे आणि आवर्तनात तो सहसा कोणी वापरत नाही. संमिश्र संख्यांसाठी तोच वापरावा, असा माझा आग्रह आहे.

मूळसंख्या

मनापासून आभार. यादी मिळाली आणि आय तिच्यात होताच. परंतु दोन गोष्टी मला उलगडल्या नाहीत. एक, यादीत एक्स हे नाव आहे. मी एक्सला कधीही मूल्य दिलेले नाही, आणि सेजमध्ये एक्स आधीपासूनच चिन्हात्मक चल (मूल्य नसलेले नुसते अक्षर) म्हणून असतो असे मी वाचले आहे. दुसरे, टीला मी ५ हे मूल्य दिले होते, आणि आता टी विचारला तर टी हेच अक्षर परत मिळते. यादीवरून टी माझा आहे एवढे दिसते, पण त्याचे ५ कोठे गेले हे दिसत नाही.

सारणिक

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. तुम्ही टंकलेली ओळ सेज जशीच्या तशी पायथनकडे देत नाही. आधी तिचे रूपांतर करते. घातासाठी आपण टोपीचे चिन्ह लिहितो ते पायथनच्या दोन ताऱ्यांत बदलते, साध्या पूर्णांकाचा सेजचा पूर्णांक होतो, आणि गणितातल्यासारखे दिसणारे काही लेखन आतून दोन-तीन विधानांत उलगडते.

एफ(टी) = टी^२ असे लिहिले की उलगडलेल्या रूपात पहिले विधान 'टी हा चिन्हात्मक चल समजावा' असे असते आणि त्यानंतर एफ तयार होते. म्हणजे फलनाची व्याख्या करताना टी हे नावही नव्याने ठरवले जाते आणि आधीचे ५ पुसले जाते. पायथनच्या डेफ या शब्दाने लिहिलेल्या फलनात असे होत नाही; तेथे कंसातील नाव फलनापुरतेच राहते. टी तुमच्या फाइलीत किंवा तुमच्या हातून अशा प्रकारे कोठेतरी येऊन गेला असणार.

एक्सचेही तसेच. परिमेय संख्यांवरील बहुपद्यांचे वलय आपण आर.<एक्स> = पॉलिनॉमियलरिंग(क्यूक्यू) असे लिहून घेतो. हे लिहिले की आर हे नाव वलयाला मिळते आणि एक्स हे नाव त्या वलयाच्या जनकाला (ज्याच्यापासून सर्व बहुपद्या बनतात त्या चलाला) मिळते. दिसायला अक्षर तेच, परंतु आरंभीचा चिन्हात्मक एक्स आणि हा बहुपदीचा एक्स या वेगळ्या वस्तू आहेत. ताडून पाहताना वस्तू बदललेली आढळते म्हणून नाव यादीत येते. मला हे या आज्ञेचे सर्वांत मोठे मोल वाटते, कारण पडद्यावर दोन्ही एक्स अगदी सारखे छापले जातात आणि डोळ्यांना फरक कळण्याचा दुसरा मार्गच नसतो. नाव यादीत दिसले की पेरंट(एक्स) विचारून पाहावे: उत्तरात चिन्हांचे वलय आले तर तो पहिला एक्स, परिमेय संख्यांवरील बहुपदी-वलय आले तर दुसरा.

अवकल

मी अभियांत्रिकीच्या बाजूचा, मॅटलॅब या संख्यात्मक गणनाच्या प्रणालीवर वाढलेला. तेथे हू ही आज्ञा केवळ नावे दाखवते आणि हूज ही नाव, आकारमान, बाइट आणि प्रकार असा तक्ता देते. १००० × १००० ची साधी मॅट्रिक्स असेल तर तिच्यापुढे ८०,००,००० बाइट असे लिहून येते, कारण प्रत्येक घटकाला ८ बाइट लागतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या ऑक्टेव्हमध्येही याच दोन आज्ञा चालतात. नुसत्या नावांपेक्षा असा तक्ता मला जास्त उपयोगाचा वाटतो; एखादी मॅट्रिक्स १ × १००० आहे की १००० × १ हे तेथे चटकन दिसते आणि निम्म्या चुका तेथेच सापडतात. सेजमध्ये असा तक्ता मिळू शकतो का?

आयच्या बाबतीत एक भर घालतो. मॅटलॅबमध्येही आवर्तनातील आय काल्पनिक एककाला झाकून टाकतो, म्हणून तेथे एकक १आय असे अंकासह लिहिण्याची शिफारस आहे.

सारणिक

सेज आयपायथन या पायथनच्या संवादी आवरणावर चालते, म्हणून आयपायथनच्या टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञा येथेही देता येतात. %हूज दिली की नाव, प्रकार आणि मूल्याचा थोडक्यात परिचय अशा तीन रकान्यांचा तक्ता येतो. पुढे प्रकाराचे नाव लिहिले तर त्या प्रकारापुरताच तक्ता गाळून मिळतो. %हू ही नुसती नावे देते.

स्वतःचा तक्ता करायचा असेल तर शो_आयडेंटिफायर्स() ची यादी घेऊन, ग्लोबल्स() या कोशातून प्रत्येक नावाची वस्तू काढून, नाव आणि टाइप छापावा. दोन ओळींचे काम आहे. मात्र दोन पथ्ये पाळावीत. आवर्तन थेट ग्लोबल्स() वर चालवू नये. आवर्तनाचा चल स्वतःच त्या कोशात नव्याने दाखल होतो आणि 'फिरत असताना कोशाचा आकार बदलला' अशी त्रुटी येऊन काम थांबते. आणि आवर्तनाच्या चलाचे नाव अधोरेषेने सुरू करावे. अधोरेषेने सुरू होणारी नावे यादीत घेतली जात नाहीत, त्यामुळे यादी पाहण्याच्या खटाटोपात यादीतच एका नावाची भर पडत नाही. ती लपलेली नावेही पाहायची असतील तर कंसात हिडन=ट्रू लिहावे; परंतु त्यांतील पुष्कळशी आयपायथनने आज्ञांचा इतिहास ठेवण्यासाठी निर्माण केलेली असतात, हे लक्षात ठेवावे.

घनमूळ

मी मॅक्सिमा ही चिन्हात्मक गणिताची प्रणाली वापरणारा आहे आणि या विषयात मॅक्सिमाची मांडणी मला अधिक चोख वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मॅक्सिमाचा वंश एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या मॅक्सिमा-पूर्व 'मॅकसिमा' या प्रणालीकडे जातो. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती जोपासली आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आणण्याची परवानगी मिळवली.

तेथे एकच यादी नसून, ज्या ज्या प्रकारची गोष्ट वापरणारा ठरवू शकतो त्या प्रत्येक प्रकाराची वेगळी यादी असते. व्हॅल्यूज असे लिहिले की ज्या नावांना मूल्य दिले आहे ती नावे मिळतात. फंक्शन्स लिहिले की आपण रचलेली फलने त्यांच्या चलांसह मिळतात. ॲरेज, मॅक्रोज, रूल्स, डिपेंडन्सीज अशा आणखी याद्या आहेत, आणि या सर्व याद्यांची यादी हवी असेल तर इन्फोलिस्ट्स. एवढेच नव्हे, प्रणालीचे जे पर्याय आपण बदलले ते मायऑप्शन्स या वेगळ्या यादीत नोंदले जातात. संख्या किती अंकांपर्यंत मोजावी, अवयव कसे मांडावेत अशा गोष्टी पर्यायांवर ठरतात, आणि उत्तर अनपेक्षित येण्याचे कारण पुष्कळदा चलात नसून अशा बदललेल्या पर्यायात असते.

मॅक्सिमात कोणतेही अक्षर मूल्य न देता वापरता येते आणि ते व्हॅल्यूजमध्ये येत नाही. यादीत नाव आहे याचा अर्थ त्याला मूल्य आहे, इतका सरळ हिशेब. नाव काढायचे तर किल(ए) किंवा रेमव्हॅल्यू(ए).

सेज वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. सेजमधून मॅक्सिमा.इव्हॅल या मार्गाने मॅक्सिमाला एखादे मूल्य दिले, तर ते नाव सेजच्या यादीत दिसत नाही. तो मॅक्सिमा हा स्वतंत्र चालणारा कार्यक्रम असतो आणि त्याची नावे त्याच्याकडेच राहतात. गॅप किंवा पारी या इतर गणित-प्रणालींशी अशा जोडणीतून बोलताना तेच लागू आहे. गॅपच्या बाजूला आपली नावे पाहायची तर नेम्सयूझरजीव्हार्स() ही आज्ञा आहे. गॅपचे ग्रंथालय वाचून झाल्यानंतर जी नावे निर्माण झाली आणि ज्यांना आता मूल्य आहे, ती नावे ती क्रमाने देते.

मूळसंख्या

घनमूळ सर, तुमच्या प्रतिसादामुळे एक शंका आली. मी अझ्यूम(ए > ०) असे गृहीतक दिले होते. शो_आयडेंटिफायर्स() मध्ये ए दिसतो, पण गृहीतक दिसत नाही. ए डिलीट केला तर गृहीतक जाईल का?

घनमूळ

जाणार नाही. गृहीतक हे पायथनच्या नावाला चिकटलेले नसून चिन्हाला चिकटलेले असते. तुम्ही डेल ए केले (डेल म्हणजे नाव काढण्याची पायथनची आज्ञा) आणि थोड्या वेळाने व्हार('ए') म्हणून तेच अक्षर पुन्हा चिन्ह म्हणून घेतले, तर जुने 'ए धन आहे' हे गृहीतक तसेच लागू राहते आणि वर्गमुळांची व निश्चित संकलनांची उत्तरे त्यानुसार येतात. गृहीतके पाहण्यासाठी अझम्प्शन्स() आणि काढण्यासाठी फर्गेट() अशा वेगळ्या आज्ञा आहेत. मॅक्सिमात यादीसाठी फॅक्ट्स() आहे आणि काढण्यासाठी फर्गेटच. सत्राची तपासणी करताना नावांची यादी आणि गृहीतकांची यादी या दोन्ही पाहण्याची सवय लावून घ्यावी. एकीने दुसरीचे काम होत नाही.

प्रमेय_सातारा

मी पदवी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे प्रात्यक्षिकांना बरीच वर्षे सायलॅब होते. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने सायलॅबसारख्या मुक्त प्रणालींचा प्रसार केला, त्याचा आम्हाला मोठा आधार झाला. सायलॅबमध्ये हू_यूझर() ही आज्ञा नेमकी वापरणाऱ्याचीच नावे देते. पुढे काही विद्यार्थी मॅथेमॅटिकाकडे गेले आणि तेथे मी त्यांचा एक ठरावीक गोंधळ पाहिला, तो येथे सांगण्याजोगा आहे.

मॅथेमॅटिकात नेम्स या आज्ञेला 'ग्लोबल' या संदर्भातील सर्व नावे मागितली की यादी मिळते. परंतु तेथे एखादे अक्षर नुसते टंकले तरी ते नाव निर्माण होते. समीकरण सोडवताना वाय लिहिला, त्याला कधीच मूल्य दिले नाही, तरीही वाय यादीत असतो. शुद्धलेखनाच्या चुकीने टंकलेले नावही असते. क्लिअर केले तर मूल्य जाते पण नाव राहते. नाव हवे नसेल तर रिमूव्ह द्यावे लागते. विद्यार्थी यादी पाहून विचारतात, 'सर, हे तर क्लिअर केले होते, मग अजून का दिसते?'

यावरून मला असे वाटते की 'वापरणाऱ्याने ठरवलेला चल' या शब्दांचा अर्थ प्रत्येक प्रणालीगणिक निराळा आहे आणि यादीवर विसंबण्यापूर्वी तो अर्थ माहीत असला पाहिजे. मॅक्सिमात अर्थ आहे 'ज्याला मूल्य आहे'. मॅथेमॅटिकात अर्थ आहे 'जे नाव वाचले गेले'. सेजमध्ये अर्थ आहे 'आरंभीच्या नोंदीपेक्षा जे वेगळे आहे'. पहिल्या व्याख्येत मोकळी अक्षरे सुटतात, दुसरीत ती सर्व येतात, आणि तिसरीत सारे काही नोंद कधी केली यावर अवलंबून असते. वर्गात मी आता आज्ञा सांगण्याआधी हा भेद सांगतो.

सारणिक

प्रमेय सरांच्या शेवटच्या वाक्याला धरून सेजच्या व्याख्येतील एक उणीव सांगतो, कारण तिचा त्रास होऊ शकतो. आरंभीच्या नोंदीपेक्षा जे वेगळे आहे ते दिसते हे खरे, पण जे आता नाहीच ते दिसत नाही. यादी आताच्या नावांवरून फिरते, नोंदीतील नावांवरून नव्हे.

समजा तुम्ही बेरीज साठवण्यासाठी सम = ० असे लिहिले. सम यादीत येईल. मग तुम्हाला वाटले की हे नाव सेजचे आहे, काढून टाकू. म्हणून डेल सम केले. आता सम यादीतून गेला आणि सर्व ठीक दिसते. प्रत्यक्षात सेजचे सम, जे एन पदांची बेरीज चिन्हरूपात काढते, ते परत आलेले नाही. सेजची नावे सत्राच्याच नामक्षेत्रात राहतात, त्यामुळे सम = ० लिहितानाच ते गेले होते; डेल केल्यावर त्याच्या जागी पायथनचे मूळचे सम उघडे पडते, आणि ते फक्त यादीतील संख्यांची बेरीज करते. मग सम(के, के, १, एन) विचारले की मापदंडांच्या संख्येबद्दल तक्रार येते आणि कारण लवकर उमगत नाही. फॅक्टरच्या बाबतीत पायथनकडे त्या नावाचे काहीच नाही, म्हणून तेथे 'असे नाव ठाऊक नाही' एवढीच त्रुटी येते.

म्हणून माझा नियम असा: नाव मुळात सेजचे असेल तर डेल वापरूच नये, रिस्टोअर वापरावे, नाव केवळ आपले असेल तर डेल योग्य. कंसात काही न लिहिता रिस्टोअर() दिले तर सेजची सर्व पूर्वनिर्धारित नावे मूळ स्थितीत येतात आणि आपली निराळी नावे तशीच राहतात. मूळसंख्या यांना जे हवे होते त्याच्या हे सर्वांत जवळ जाते. रिसेट() मात्र आपली सर्व नावे पुसते, सेजची नावे पूर्ववत करते आणि इतर प्रणालींशी असलेल्या जोडण्याही नव्याने सुरू करते; दिवसभराचे काम सत्रात असताना ते देऊ नये.

जुन्या सेजवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०२० च्या जानेवारीत आलेल्या ९.० या आवृत्तीपासून सेज पायथन ३ वर आले. त्याआधी पायथन २ मध्ये चौकटी कंसातील यादी-रचनेतील चलही बाहेर गळत असे. जुनी टिपणे नव्या आवृत्तीत चालवून याद्या ताडल्या तर हा फरक दिसेल.

अवकल

मेमरीबद्दल विचारतो. मोठी मॅट्रिक्स डेल केली, यादीतून गेली, तरी संगणकाची मेमरी मोकळी झाल्याचे दिसत नाही. असे का?

सारणिक

आयपायथन प्रत्येक उत्तर आउट या कोशात आणि अधोरेषा व क्रमांक अशा नावांनी धरून ठेवते. ती मॅट्रिक्स कधी पडद्यावर उत्तर म्हणून छापली असेल, तर तिचा एक धागा तेथे अडकलेला असतो. नाव गेले, वस्तू राहिली. हिडन=ट्रू देऊन यादी पाहिली तर ही अडकलेली नावे डोळ्यांसमोर येतात. %एक्सडेल ही आज्ञा नाव काढताना आयपायथनच्या अशा नोंदींतूनही वस्तू सोडवण्याचा प्रयत्न करते, आणि %रिसेट आउट ही उत्तरांचा इतिहासच रिकामा करते.

प्रमेय_सातारा

नोटबुकमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. सेल (आज्ञा लिहिण्याचा चौकोन) पुसला म्हणून त्यात ठरवलेले नाव पुसले जात नाही. ते कर्नलमध्ये, म्हणजे मागे चालू असलेल्या गणनयंत्रणेत, जिवंत राहते. पुढचे सेल त्याच्या जोरावर बिनचूक चालतात आणि तीच नोटबुक परीक्षकाच्या संगणकावर पहिल्याच फटक्यात अडखळते. प्रात्यक्षिक सादर करण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना नावांची यादी काढायला लावतो आणि यादीतील प्रत्येक नाव कोणत्या सेलमध्ये ठरले हे बोट ठेवून दाखवायला सांगतो. ज्या नावासाठी सेल सापडत नाही ते नाव पुसलेल्या सेलचे आहे. त्यानंतर कर्नल नव्याने सुरू करून सर्व सेल वरून खाली चालवणे हे आहेच.

शून्यलब्धी

थोडे बाजूचे, पण आपल्या उपयोगाचे. पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात. क्षेत्रफळ = ५ असे खरोखर देवनागरीत लिहिले तरी चालते आणि नावे क्रमाने लावली असता ती रोमन नावांच्या नंतर येतात. यामुळे आपली नावे एका गटात सहज दिसतात आणि पायथनच्या किंवा सेजच्या नावांशी टक्कर होण्याचा धोकाच उरत नाही, हा मोठा लाभ आहे. साध्या पायथनमध्ये मी हे नेहमी करते.

एकच अडचण येते. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' अशा शब्दांतील अर्धा र काही कळफलक न दिसणारे जोडचिन्ह घालून लिहितात. ते चिन्ह नावात चालत नाही. पायथन 'न छापता येणारे अवैध अक्षर' अशी तक्रार करतो आणि ओळीत तर काहीच वावगे दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या कळफलकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून तोच शब्द लिहावा, किंवा नावापुरता तो शब्द टाळावा.

मूळसंख्या

सर्वांचे आभार. रिस्टोअर() दिल्यावर आय, एक्स आणि एन पूर्ववत झाले. एन हे दशांशी मूल्य काढण्याचे फलन होते हेही मला यादीमुळेच कळले. माझी नावे जशीच्या तशी राहिली. जुन्या फाइलीतील आवर्तने मी आता फलनांच्या आत घेत आहे, म्हणजे त्यांचे चल बाहेर येणार नाहीत.

शेवटचा प्रश्न: हे सत्र उद्या येथूनच पुढे न्यायचे आहे. सेव्ह_सेशन आणि लोड_सेशन यांवर विसंबावे का?

सारणिक

मूल्यांसाठी विसंबावे, फलनांसाठी नाही. सेव्ह_सेशन तीच यादी घेते जी शो_आयडेंटिफायर्स() दाखवते आणि त्यातील जे साठवता येते ते एका फाइलीत ठेवते. तुम्ही लिहिलेली फलने साठवली जात नाहीत, आणि ती वगळल्याचे आपणहून सांगितलेही जात नाही; कंसात व्हर्बोज=ट्रू लिहिले तरच काय सुटले ते छापून येते. तेव्हा ते नेहमी लिहावे. फलने वेगळ्या फाइलीत ठेवून उद्या आधी ती लोड करावी आणि मग लोड_सेशन द्यावे. लोड_सेशन चालू सत्रातील इतर नावे पुसत नाही, फक्त साठवलेली नावे त्यांत मिसळते आणि समान नाव असेल तर साठवलेले मूल्य वर बसते; म्हणून क्रम हाच ठेवावा. आणि दुसऱ्याने पाठवलेली सत्राची फाइल ओळख नसताना उघडू नये, कारण पायथनच्या या साठवण-पद्धतीत फाइल वाचतानाच तिच्यातील आज्ञा चालू शकतात.